कोऱ्या बाटलीतलं शिसं

फेब्रुवारी सरत आला की आमच्या एचएसआर लेआउट या वसाहतीत पाण्याचे टँकर फिरू लागतात. या दिवसांना कुठल्या पंचांगात नाव नाही. उन्हाळा म्हणावा तर पहाटे अजून अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटतं. थंडी म्हणावी तर दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला पोळतं. रस्त्याकडेची झाडं गुलाबी फुलांनी लगडलेली असतात, आणि लोक स्कूटर थांबवून त्यांचे फोटो काढतात. इमारतीच्या मागच्या बाजूला मात्र जाड पाइप लागलेला असतो, मोटर घरघरत असते, आणि वॉचमन अण्णा हातानेच खूण करून सांगतो, नऊनंतर नळ नाही.

टाकीत पाणी पडल्याचा तो आवाज ऐकून बाकीच्यांना हायसं वाटतं. मला चीड येते. काही वर्षं झाली, आता मी एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते, माझं बरं चाललं आहे, तरीही येते. एखाद्याला विशिष्ट औषधाच्या वासाने दवाखाना आठवावा तशी मला त्या घरघरीने विद्यापीठातली आमची प्रयोगशाळा आठवते, आणि त्या प्रयोगशाळेत वाया गेलेला एक अख्खा उन्हाळा.

ओल्या मातीच्या वासावर लोकांनी भरपूर लिहून ठेवलं आहे. वाळलेल्या मातीलाही वास असतो, हे मला तिथे कळलं. आमच्या विभागाच्या तळमजल्यावर लांबलचक ओटे होते आणि त्यावर ट्रेमध्ये कागद अंथरून माती वाळत घातलेली असायची. लाल मातीला उन्हात तापलेल्या कौलासारखा वास. तळ्याकाठच्या काळ्या मातीला बरेच दिवस न उघडलेल्या ट्रंकेसारखा. ती वाळली की ढेकळं खलात फोडायची, मुळ्या आणि खडे वेचायचे, चाळणीतून गाळायची. चाळणी हलवताना जो सळसळता आवाज येतो तो मला फार आवडायचा. सगळं नीट चाललं असतं तर कदाचित मला आज त्या दिवसांबद्दल फक्त हा आवाज आठवला असता.

माझा विषय होता शहराच्या दक्षिणेकडून वाहत जाणाऱ्या एका नाल्याच्या काठची शेतं. त्या मातीत शिसं, कॅडमियम असले जड धातू किती आहेत ते शोधायचं. संशोधन म्हणून ठीकच होतं. गाईडनी दिलेला विषय, मी घेतला. त्यात जीव आला तो अंबक्कामुळे.

अंबक्का आमच्या गेटवर पालेभाजीची गाडी घेऊन यायची. कोथिंबीर, मेथी, राजगिरा, आणि इथे ज्याला सगळे सोप्पु म्हणतात त्या नाना प्रकारच्या हिरव्या पाल्याच्या जुड्या. आईची आणि तिची ओळख भाषेमुळे झाली होती. बाबांची सरकारी कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी, म्हणून आम्ही पुण्याहून इथे आलो. आईला कन्नड कधी नीट आलं नाही. गेटवर ती एकदा स्वतःशीच ‘मेथी कडू दिसतेय’ म्हणाली, तर भाजीवाली मराठीतच उत्तरली, ‘कडू नाय अक्का, कोवळी हाय.’ अंबक्काचे पूर्वज काही शतकांमागे कधीतरी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी राहिली, पण तिच्यात कन्नड अशी मुरली की अंबक्काला स्वतःलाही कुठला शब्द कुठला ते सांगता यायचं नाही. आईला ती अक्का म्हणायची, आई तिला अक्का म्हणायची. मला मगळे म्हणायची, म्हणजे लेकी.

त्या वर्षी टँकरचे दिवस सुरू झाले तसा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. फेसाळलेलं तळं, त्याच्या काठावर भाजी, मागे भीतीदायक संगीत, आणि खाली ओळ की तळ्याकाठची पालेभाजी म्हणजे विष. कुठलं तळं, कुणी तपासलं, काही नाही. दुसऱ्या दिवसापासून अंबक्काच्या गाडीभोवतीची गर्दी ओसरली. दोन-तीन जणी येऊन लांबूनच बघून गेल्या. आई एकटी तिच्याकडून घेत राहिली, आणि घेता घेता म्हणाली, ‘काळजी करू नका. आमची अनघा मातीच तपासते.’

मी बाल्कनीत उभी होते. खालून दोघींनी वर पाहिलं.

तिचं शेत बोम्मसंद्र्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत होतं. एका बाजूला कारखान्यांची पत्र्याची छपरं, दुसऱ्या बाजूला नव्या अपार्टमेंटांचे निम्मे उठलेले मजले, आणि मध्ये हा हिरवा चौकोन. एका कडेला विहीर, दुसऱ्या कडेला नाला. विहिरीचं पाणी त्या महिन्यात तळाला गेलेलं, त्यामुळे त्या बाजूचे वाफे जरा रोडावलेले होते. नाल्याकडच्या वाफ्यांना पाण्याची ददात नव्हती. तिथला पाला तळहाताएवढा, तुकतुकीत. मी विहिरीकडचे आणि नाल्याकडचे नमुने वेगळे घेतले, पिशव्यांवर नावं घातली. अंबक्का कंबरेवर हात ठेवून बघत होती.

‘कवा सांगशील?’ तिने विचारलं.

‘पंधरा-वीस दिवसांत.’

‘सरी,’ म्हणजे बरं, ती म्हणाली. ‘कागदावर दे हं. इंग्रजीत. तुमच्या लोकांना इंग्रजीतलं खरं वाटतं.’

पंधरा-वीस दिवस. ते शब्द माझ्या तोंडून किती सहज गेले.

मातीतलं शिसं मोजायचं तर माती आधी ॲसिडमध्ये उकळावी लागते. पिवळसर वाफा निघतात, त्या ओढून घेणारं काचेचं कपाट असतं, त्यासमोर उभं राहून डोळे चुरचुरतात. मग ते पाणी गाळायचं आणि मशीनला पाजायचं. पण या सगळ्याबरोबर एक बाटली अशी ठेवतात की जिच्यात माती नसतेच. तेच ॲसिड, तेच पाणी, तीच उकळणी, फक्त माती नाही. तिला ब्लँक म्हणतात. कोरी बाटली. तिच्यात काही निघता कामा नये. निघालं तर समजायचं की जे दिसतंय ते मातीतलं असेलच असं नाही, आपण स्वतःच कुठून तरी आणलं आहे.

मी आधी शेतातले नमुने मशीनवर लावले. शिसं निघालं. विहिरीकडे निघालं, नाल्याकडे निघालं, सगळीकडे भरपूर निघालं. मग कोरी बाटली लावली. तिच्यातही निघालं. जवळजवळ तितकंच, आणि दर खेपेला वेगळं.

आमचे गाईड, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोक्यावर विभागाची शंभर कामं होती आणि एका परिषदेची तारीख जवळ आली होती. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला.

‘ब्लँक वजा कर आणि पुढे जा,’ ते म्हणाले.

‘सर, ब्लँक नमुन्याएवढाच आहे. वजा केल्यावर जे उरतं त्याला अर्थ काय?’

‘अर्थ शोधायला परीक्षक बसलेत. आपल्याला कल दाखवायचा आहे. शिसं आहे, एवढं तर दिसतंय.’

‘कोऱ्या बाटलीत पण दिसतंय, सर.’

ते हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. ‘अनघा, इतकं सोवळं पाळून थिसिस होत नसतो. स्वल्प प्रॅक्टिकल हो.’

स्वल्प हा शब्द या शहरात रिक्षावाल्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळे वापरतात. थोडं सरका, थोडं सांभाळून घ्या, थोडं चालवून घ्या. एरवी त्याच्यात एक गोडवा आहे, गर्दीत माणसं एकमेकांसाठी जागा करतात तशी. त्या दिवशी मला तो शब्द सहन झाला नाही. माझ्या डोळ्यांसमोर कंबरेवर हात ठेवलेली अंबक्का होती. मी हे आकडे देणार नाही, असं म्हटलं. सरांनी परिषदेला दुसऱ्या विद्यार्थ्याचं काम पाठवलं आणि माझ्याशी काही दिवस कामापुरतं बोलले.

मग शिशाचा शोध सुरू झाला, शेतातल्या नव्हे, आमच्याच खोलीतल्या. मी सगळी काचेची भांडी ॲसिडमध्ये बुडवून धुतली. धुवायला पाणी नाही. विभागाच्या नळाला सकाळी थोडा वेळ धार यायची, तेवढ्यात बादल्या भरून ठेवायच्या, त्या बादल्यांवर पहारा करायचा, कारण शेजारच्या खोलीतले लोक चहाची भांडी विसळायला त्यातलंच घेऊन जायचे. नवी ॲसिडची बाटली फोडली. कोऱ्या बाटलीत शिसं. गाळण्याचा कागद बदलला. शिसं. हातमोजे बदलले, ओटा पुसला, खिडक्या बंद करून घामाने निथळत काम केलं. शिसं.

त्या आठवड्यांची नुसती आठवण आली तरी माझे दात एकमेकांवर आवळले जातात. राग कुणावर काढावा हे कळत नाही, तो राग फार थकवतो. घरी येऊन मी आईवर काढायचे. जेवताना बोलायचे नाही, आणि मग एकदम बोलायला लागले की थांबायचे नाही. अशाच एका जेवणाच्या वेळी मी म्हणाले असेन, सगळ्या नमुन्यांत शिसं निघालंय पण ते खरं नाही, ब्लँक बिघडलाय. आईने मनापासून ऐकलं आणि तिच्या परीने अंबक्काला सांगितलं. गेटवर, जुडी निवडता निवडता. शिसं निघालं म्हणे, पण अजून नक्की नाही. त्यातलं ‘पण’च्या पुढचं अंबक्कापर्यंत पोचलंच नाही.

शेवटी सापडलं ते इतकं साधं होतं की मला हसूही आलं नाही. आमच्याकडे डिस्टिल्ड पाणी बनवायचं यंत्र होतं, पण ते चालवायला नळाचं भरपूर पाणी वाहतं ठेवावं लागतं. टंचाईमुळे ते बंद करून विभागाने बाहेरून डिस्टिल्ड पाण्याचे कॅन मागवले होते. प्रयोगशाळेची देखभाल करणाऱ्या महेशला मी विचारलं, हे कॅन येतात कुठून.

‘बॅटरीच्या दुकानातून, मॅडम,’ तो म्हणाला. ‘डिस्टिल्डच आहे. गाडीच्या बॅटरीत हेच घालतात.’

गाडीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या असतात. त्या दुकानात दिवसभर तेच हाताळलं जातं, आणि त्याच हातांनी, त्याच नरसाळ्याने आमचे कॅन भरले जात होते. मी रसायनशास्त्र विभागातून मिनतवारीने एक बाटली शुद्ध पाणी आणलं आणि त्यातून कोरी बाटली केली. शिसं गायब. मी महेशला जवळजवळ मिठीच मारणार होते. मशीनसमोर बसून तो आकडा पाहत राहिले. इतकं सुंदर शून्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

आता नमुने परत उकळले की झालं. माती शिल्लक होती, पाणी मिळालं होतं. आणि नमुने तयार झाले त्याच आठवड्यात मशीनमधला शिशाचा दिवा गेला. प्रत्येक धातू मोजायला वेगळा दिवा लागतो. तांब्याचा होता, जस्ताचा होता, लोखंडाचा होता. गेला तो शिशाचाच. नवा मागवायचा तर तीन ठिकाणचे भाव हवेत, खरेदी समितीची बैठक हवी, आणि समितीतले अर्धे लोक परीक्षांच्या कामाला गेलेले. मी रोज ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभी राहायचे. आतून रोज एकच शब्द यायचा, बघू. दुसऱ्या प्रयोगशाळांना विचारलं, तिथे रांगा. एकीने सांगितलं, विभागाचं पत्र आणा. पत्रावर सही करणारे रजेवर.

अशातच एक दिवस महेश सांगत आला, तुमच्याकडे कुणी बाई आल्यात.

अंबक्का कॉरिडॉरमधल्या दगडांच्या कपाटासमोर उभी होती. ठेवणीतली साडी, हातात पर्स. गाडीमागे उभी असताना ती किती उंच वाटायची, इथे लहान दिसत होती. ती कपाटातल्या स्फटिकांकडे बघत होती आणि तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. दोन बस बदलून आली होती. मी तिला प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर बसवलं.

‘फोनवर विचारायचं नवतं,’ ती म्हणाली. ‘माझी रेणुका हाय ना, थोरली. बाळंतपणाला आलीय. होसूरला दिलेली. सातवा सरला.’

मी अभिनंदन करणार होते, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

‘डॉक्टरीण म्हणाली, रक्त कमी हाय, सोप्पु खा. मी रोज दोन वेळा घालते. आपल्याच शेतातला. हातानं खुडून.’ ती पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती. ‘तुझी आई म्हणाली, शिसं निघालं. मी दवाखान्यातल्या नर्सला विचारलं, शिसं पोटात गेलं तर काय हुतं. ती म्हणाली, बाळाच्या डोक्याला हुतं.’

मी तिला सगळं समजावून सांगितलं. कोरी बाटली, बॅटरीचं पाणी, शून्य, दिवा. तिला कोरी बाटली दाखवलीसुद्धा. ती लक्ष देऊन ऐकत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, ‘म्हणजे हाय की नाय?’

‘माहीत नाही, अक्का. अजून मोजताच आलेलं नाही.’

‘तुला काय वाटतं?’

‘वाटण्यावर सांगता येत नाही.’

‘अग, डॉक्टर सांगत्यात की. हाताला धरून सांगत्यात, काय नाय हुणार जा.’ तिचा आवाज चढला नाही, कोरडा झाला. ‘तू आमच्या मळ्यात आलीस, माती नेलीस. आता तुला काय वाटतं तेवढं बी सांगता येत नाय?’

मी तिला एवढंच म्हणाले की तोवर रेणुकाला दुसरीकडचा पाला द्या, आणि डॉक्टरांना सांगून तिचं रक्त तपासून घ्या. ती उठली. चहा नको म्हणाली. गेटपर्यंत सोडायला गेले तर म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे, मगळे, तुझं काम कर.’ माझं काम. त्या वेळी माझं काम म्हणजे खिडकीशी उभं राहणं होतं.

घरी मी आईला हे सांगितलं तेव्हा तिने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, ‘धीर द्यायचास गं. खोटं बोल असं मी म्हणत नाही. पण माणसाला धीर देता येतो.’

‘आणि उद्या निघालं म्हणजे?’

‘उद्याचं उद्या.’

मला अजूनही या दोघींपैकी कुणाचं चुकलं असं म्हणता येत नाही, आणि माझंही चुकलं असं वाटत नाही. हेच जास्त जाचतं. कुणाचं तरी चुकलं असतं तर माफी मागून, भांडून, काहीतरी करून ते बंद करता आलं असतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, आणि एक गरोदर मुलगी रोज आरशात स्वतःचं पोट बघत बसली होती. हे मला नंतर कळलं. अंबक्काने वाफे सुकू दिले. गेटवर तिची गाडी यायची बंद झाली. वॉचमन अण्णा म्हणाला, ती कोरमंगल्यात पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या एका पीजीच्या स्वयंपाकघरात कामाला लागली आहे, बाजारातून आणलेली भाजी चिरते.

एखादा ऋतू आपल्या नावाने लक्षात राहतो, एखादा आपल्याला नुसता अडकवून ठेवतो. त्या वर्षीचा आंबा मला आठवत नाही. उन्हाळी सुट्टीत रिकामं झालेलं आवार आठवतं, रेन ट्रीच्या सावलीत झोपलेली कुत्री, आणि प्रत्येक दाराला लावलेलं कुलूप. ट्रेमधली माती रोज थोडी अधिक फिकट होत होती. मी ती उगाच कागदावर वरखाली करायचे. बोटांना लागलेली धूळ नाकाशी नेली की त्या शेताचा वास यायचा.

दिवा आला तेव्हा पावसाळा अर्धा संपला होता. महेशने खोका आणून ओट्यावर ठेवला, आणि मी तो उघडून दिवा लगेच मशीनमध्ये बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच बसले. आधी कोरी बाटली. शून्य. पुन्हा लावली. शून्य. मग विहिरीकडचा नमुना.

शिसं नाममात्र निघालं. कुठल्याही मातीत निसर्गतः असतं तेवढंच. विहिरीकडचे सगळे नमुने तसेच. मी खुर्चीत मागे टेकले. मग नाल्याकडचे लावले आणि आकडे चढत गेले. पहिल्यापेक्षा दुसरा जास्त, नाल्याच्या जितकं जवळ तितकं जास्त. शंकेला जागाच नव्हती. मी तीन-तीनदा लावून पाहिले.

सर खूश झाले. ‘सुंदर,’ ते म्हणाले, ‘अगदी पायरीपायरीने चढतंय. यावर छान पेपर होईल.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘तू थांबलीस ते बरं केलंस.’ त्यांच्या दृष्टीने ती शाबासकी होती. मला मात्र त्या सुंदर शब्दाचा इतका संताप आला की मी आभार न मानताच बाहेर पडले.

त्याच दुपारी मी शेतावर गेले. घर विहिरीच्या बाजूला, दोन खोल्यांचं. पाऊस नुकताच पडून गेला होता, न पेरलेल्या वाफ्यांत गवत गुडघ्याएवढं झालं होतं. अंबक्काला त्या दिवशी सुट्टी होती. ओसरीवर साडीची झोळी बांधलेली, आणि तिच्याजवळ एक सडपातळ मुलगी बसलेली. मी कोण ते अंबक्काने सांगितल्यावर ती उठून उभी राहिली.

‘अक्का, विहिरीकडच्या मातीत काही नाही,’ मी चप्पलही न काढता सांगितलं. ‘चांगली आहे. नक्की.’

अंबक्काने रेणुकाकडे बोट दाखवलं. मला म्हणाली, ‘परत एकदा सांग. तिला सांग. माझं ऐकत नाय ती.’

मी रेणुकाला सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. तिने विचारलं, ‘मी खाल्लेलं सगळं विहिरीकडचंच. मग?’

‘मग काही भीती नाही. मातीत नव्हतं तर पाल्यात कुठून येणार?’

‘मी बाळाला अंगावर पाजायला भीत होते,’ ती म्हणाली. ‘रक्त तपासलं, ते म्हणाले ठीक हाय. पण मला वाटायचं, तुमी शिकलेले लोक नुसता धीर देताय.’ ती खाली बसली आणि झोळीत हात घालून बाळाला उचललं. बाळ झोपेतून उठून चिडलं होतं. तिने त्याला छातीशी घेतलं, पदर ओढला, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तिची पाठ हलत होती. अंबक्का तिच्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे.

‘हे तवाच सांगायचं हुतंस, मगळे.’

‘हो,’ मी म्हणाले. मग जे राहिलं होतं ते सांगितलं. ‘पण नाल्याकडच्या वाफ्यांत शिसं आहे. खूप आहे. तिथे खाण्याचं काही लावू नका.’

‘तिकडचं आमी घरात कधीच आणलं नाय,’ अंबक्का पटकन म्हणाली. अजून ती सुटकेच्या भरात होती. ‘ते चांगलं वाढायचं ना. पान मोठं, हिरवंगार. ते इकायला जायचं. रोड पाला ऱ्हायचा तो आमाला.’

बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं असावं. तिने तोंडावर पदर घेतला. बाळ चुटूचुटू पीत होतं.

‘तुमच्याकडंच यायचं की ते,’ ती हळूच म्हणाली. ‘सगळं तुमच्या लेआउटला.’

मी म्हणाले, तुम्हाला कुठे माहीत होतं. ते खरंच होतं. कुणालाच माहीत नव्हतं. ज्या व्हिडिओला मी इतके महिने शिव्या देत होते, तो अर्ध्या शेतापुरता बरोबर निघाला होता. ज्यांनी काही न तपासता भाजी टाकली त्यांचं भलं झालं, आणि जिने माणुसकीने घेणं सोडलं नाही ती शेवटच्या दिवसापर्यंत खात राहिली. असल्या निकालाचं काय करायचं हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. मी सोसायटीच्या ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं, विहीर आणि नाला दोन्ही. कुणी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. कुणी लिहिलं, आम्ही केव्हाच ॲपवरून मागवतो. त्याखाली लगेच टँकरच्या वर्गणीचा मेसेज आला.

अंबक्का आता विहिरीकडे भाजी करते आणि नाल्याकडे शेवंती लावते. फुलं मार्केटला जातात. घराघरांतून पुन्हा थोडी थोडी गिऱ्हाइकं बांधली आहेत तिने, आमच्या गेटवर मात्र गाडी आणत नाही. फोनवर बोलते, नातवाचं सांगते, ये म्हणते. आम्ही आईचं, बाबांचं आणि माझं रक्त तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, जरा जास्त आहे, पण घाबरण्यासारखं नाही, आपोआप उतरेल. तेही त्यांनी हाताला धरूनच सांगितलं. मी त्यांना आकडा विचारून घेतला.

पण त्या दिवशी शेतावरून घरी परतले तेव्हा यातलं काही ठरलं नव्हतं. आई दारातच उभी होती. तिने विचारलं, ‘काय निघालं?’

‘रेणुकाने खाल्लं ते चांगलं होतं. बाळ चांगलं आहे.’

आईने डोळे मिटून हात जोडले, आणि मला आत घेतलं. पाणी दिलं. मी ते प्यायले आणि तिला बाकीचंही सांगितलं, नाल्याकडचं, मोठ्या पानांचं, ते कुठे यायचं ते. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझ्या हातातला रिकामा पेला घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

‘ती मला घरच्यातली रोडकी जुडी द्यायची गं पहिल्यांदा,’ आई म्हणाली. ‘ही घ्या अक्का, चवीला बरी, म्हणायची. मीच म्हणायचे, नको, ती मोठ्या पानांची द्या.’